गोंधळाच्या काळी देवाची वाट कशी ओळखावी? : संत इग्नेशियस लोयोला यांची आत्मिक पारख

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सांगितले की, तो पित्याकडे जात आहे आणि तेथे जाण्याची वाट त्यांना ठाऊक आहे. त्यावर संत थोमा यांना राहवले नाही. प्रभू कोठे जात आहे हेच ठाऊक नसताना तेथील वाट कशी ठाऊक असावी, असे त्यांनी सरळ विचारले (योहान १४:५). इतर शिष्यांच्याही मनात हीच शंका असावी. ती बोलून दाखवली थोमांनी. उत्तरादाखल प्रभूने कोणताही नकाशा दिला नाही. मार्ग, सत्य आणि जीवन मी स्वतःच आहे, असे त्याने जाहीर केले. म्हणूनच आरंभीच्या श्रद्धावंतांना ‘मार्गाचे’ लोक म्हणून ओळखले जात असे (प्रेषितांची कृत्ये ९:२).

हे उत्तर आपल्याला लहानपणापासून तोंडपाठ असते. तथापि प्रत्यक्ष जीवनात थोमांचा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. सेमिनरीत जावे की नोकरी धरावी, हे एखाद्या तरुणाला उमगत नाही. वर्षानुवर्षे रोझरी म्हणणाऱ्या एखाद्या मातेची प्रार्थना अचानक कोरडी पडते. मोबाइलवर रोज नवी भविष्यवाणी, नवा साक्षात्कार येऊन थडकतो आणि एक प्रवचनकार जे ठामपणे सांगतो त्याच्या नेमके उलट दुसरा सांगतो. सगळेच देवाचे नाव घेत असतील, तर देवाचा आवाज कोणता? या प्रश्नाला ख्रिस्तसभेच्या परंपरेत अनेक संतांनी उत्तरे दिली आहेत. त्यांपैकी सर्वांत पद्धतशीर उत्तर येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे आहे. त्याचा परिचय आम्ही या लेखात करून देत आहोत.

पवित्र शास्त्रातील आधार

आत्म्यांची पारख ही कल्पना इग्नेशियस यांनी नव्याने शोधून काढलेली नाही. राजा शलमोनाने देवाजवळ धनसंपत्ती किंवा दीर्घायुष्य मागितले नाही. बरेवाईट ओळखणारे अंतःकरण मागितले (१ राजे ३:९). संत पौलांनी पवित्र आत्म्याच्या कृपादानांत आत्म्यांची पारख करण्याच्या दानाचा समावेश केला आहे (१ करिंथ १२:१०). सर्व गोष्टी पारखून घ्याव्यात आणि चांगले ते धरून ठेवावे, असे त्यांनी थेस्सलनीकाच्या मंडळीस लिहिले (१ थेस्सलनी ५:२१). प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता तो देवापासून आहे की नाही याची परीक्षा करावी, असा इशारा संत योहान यांनी दिला (१ योहान ४:१). आणि पारखेची कसोटी खुद्द प्रभूनेच घालून दिली आहे: झाड त्याच्या फळावरून ओळखले जाते (मत्तय ७:१६-२०). चौथ्या शतकापासून वाळवंटातील तपस्व्यांनी या कसोटीचा अनुभव घेऊन तो शिष्यांना सांगितला. इग्नेशियस यांनी तो स्वतःच्या जीवनात पुन्हा पडताळून पाहिला आणि नियमांच्या रूपाने मांडला.

पाम्पलोना ते मान्रेसा

इनीगो, म्हणजेच पुढचे संत इग्नेशियस, यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या बास्क प्रदेशात लोयोला येथे एका सरदार घराण्यात झाला. मानमरातब आणि शौर्य हेच त्यांचे ध्येय होते. २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाचा किल्ला फ्रेंच सैन्याविरुद्ध लढवताना तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. मोडलेले हाड वेडेवाकडे सांधले गेले. पुढे आलेले ते हाड बूट घालताना कुरूप दिसेल, एवढ्यासाठी त्यांनी ते करवतीने कापून घेतले.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाले ते प्रभू येशूचे चरित्र आणि संतचरित्रांचा एक ग्रंथ. वाचता वाचता त्यांचे मन दोन दिशांना धावू लागले. कधी ते एका उच्चकुलीन स्त्रीची मर्जी संपादन करण्याची स्वप्ने तासन्‌तास रंगवीत; कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी जे केले ते आपणही केले तर, असा विचार करीत. दोन्ही विचार त्या वेळी गोड वाटत. एके दिवशी मात्र त्यांना एक भेद जाणवला. पहिला विचार ओसरला की मन रिते आणि नाराज होई. दुसरा ओसरल्यावरही आनंद मागे टिकून राही. आत्मिक पारखेची त्यांची पहिली जाणीव ती हीच. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा जाताना मागे काय ठेवून जातो, हे त्यांनी पाहिले.

येथून पुढे सर्व सुरळीत झाले असे नाही. १५२२ साली मोन्सेरातच्या तीर्थक्षेत्राकडे जाताना वाटेत त्यांची एका मुस्लिम प्रवाशाशी गाठ पडली. पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी दोघांत वाद झाला आणि तो प्रवासी पुढे निघून गेला. मरियेच्या सन्मानासाठी त्याला गाठून खंजीर मारावा की जाऊ द्यावे, हे इग्नेशियस यांना ठरवता येईना. अखेर फाट्यावर त्यांनी आपल्या खेचराचा लगाम सैल सोडला. ते गावाकडे वळले तर त्या माणसाचा पाठलाग करायचा, हमरस्त्याने गेले तर सोडून द्यायचे, असे त्यांनी ठरवले. खेचर हमरस्त्याने गेले. उतारवयात आपली कथा सांगताना त्यांनी हा प्रसंग लपवला नाही. भक्तीचा आवेश आणि देवाची इच्छा यांतील अंतर ज्याला कळत नाही, त्याच्या हातून देवाच्या नावाने केवढा अनर्थ घडू शकतो, हे त्यावरून दिसते.

मोन्सेरात येथे त्यांनी आपली तलवार मरियेच्या वेदीजवळ ठेवली आणि ते जवळच्या मान्रेसा गावी राहिले. तेथे त्यांची खरी परीक्षा झाली. पूर्वायुष्यातील पापांचे सविस्तर निवेदन करूनही काहीतरी सांगायचे राहिले, ही शंका त्यांना छळू लागली. पुन्हा पापनिवेदन, पुन्हा शंका, असे चक्र सुरू झाले. दिवसाकाठी सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करूनही शांती मिळेना. खोलीतील एका भगदाडात उडी टाकून जीव द्यावा, असा विचारही तीव्रतेने येऊ लागला. देव दया करीपर्यंत अन्न घ्यायचे नाही असे ठरवून त्यांनी आठवडाभर उपवास केला. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी तो सोडण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांनी ती पाळली. पुढे हे विचार कोणत्या वाटेने मनात शिरले याचा त्यांनी शोध घेतला. वरवर पश्चात्तापासारखी दिसणारी ही शंका देवापासून दूर नेणारी आहे, हे त्यांनी ओळखले आणि जुनी पापे पुन्हा न उगाळण्याचा निश्चय केला. त्यानंतर ते मोकळे झाले. त्याच गावी कार्दोनेर नदीच्या काठी बसले असताना त्यांना असा आंतरिक प्रकाश लाभला की, जगाकडे आपण नव्या डोळ्यांनी पाहत आहोत असे त्यांना वाटले.

या अनुभवांतून ‘आध्यात्मिक साधना’ हा छोटा ग्रंथ आकारास आला. परमगुरुस्वामी तिसरे पॉल यांनी १५४८ साली त्यास मान्यता दिली. हा ग्रंथ वाचून संपवण्यासाठी नाही. साधकाला मार्गदर्शन करणाऱ्याच्या हाती असावी अशी ती पुस्तिका आहे. तिच्यात आत्म्यांच्या पारखेचे नियम दोन गटांत दिले आहेत. पहिल्या गटात १४ आणि दुसऱ्यात ८ नियम आहेत.

सांत्वन आणि उदासी

या नियमांचा पाया दोन शब्दांवर उभा आहे. अंतःकरणात देवाविषयीची प्रीती, श्रद्धा, आशा आणि परोपकार वाढतात; मन शांतपणे देवाकडे ओढले जाते; त्या स्थितीला इग्नेशियस ‘सांत्वन’ म्हणतात. याउलट मनात अंधार आणि अस्वस्थता दाटते, प्रार्थनेचा कंटाळा येतो, देव दूर गेल्यासारखा वाटतो. ती ‘उदासी’ होय.

सांत्वन म्हणजे निव्वळ आनंदाची भावना नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. आपल्या पापांबद्दल किंवा प्रभूच्या दुःखसहनाबद्दल डोळ्यांतून वाहणारे अश्रू हेही इग्नेशियस यांच्या मते सांत्वनच होय, कारण ते देवाकडे नेतात. उलट, सूड उगवल्याचे समाधान कितीही सुखद वाटले तरी ते सांत्वन नव्हे. भावना गोड की कडू, हा प्रश्न नाही. ती आपल्याला कोणत्या दिशेने नेते, हा प्रश्न आहे. संत पौलांनी गलतीकरांस सांगितलेली आत्म्याची फळे, म्हणजे प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि इतर, ही त्या दिशेची खूण होय (गलती ५:२२-२३).

अंधारात निर्णय बदलू नये

सर्व नियमांत सामान्य भाविकाला सर्वाधिक उपयोगी पडणारा नियम पाचवा आहे. उदासीच्या काळात कोणताही नवा निर्णय घेऊ नये. उदासी येण्यापूर्वी, शांत मनाने जे ठरवले होते त्याला चिकटून राहावे. कारण सांत्वनाच्या वेळी सामान्यतः पवित्र आत्मा वाट दाखवीत असतो, तर उदासीत वैरी सल्लागार होऊन बसतो.

नियम साधा वाटतो. पण मोडला जातो तो हाच. प्रार्थनेत मन लागेनासे झाले म्हणून प्रार्थना सोडली जाते. धर्मग्रामात कोणीतरी दुखावले म्हणून रविवारची मिस्सा सुटते. संन्यस्त जीवनातील किंवा वैवाहिक जीवनातील एका काळोख्या ऋतूत आयुष्यभराचे वचन चुकीचे होते असा निष्कर्ष काढला जातो. इग्नेशियस यांचा सल्ला याच्या नेमका उलट आहे. निर्णय बदलू नये, मात्र स्वतःला बदलण्याचा प्रयत्न जरूर करावा: प्रार्थना थोडी वाढवावी, आत्मपरीक्षण करावे, झेपेल असे प्रायश्चित्त करावे. तासभर प्रार्थनेला बसण्याचा नेम असेल आणि उठून जावेसे वाटत असेल, तर तासाहून थोडे अधिकच बसावे.

उदासी का येते, याची त्यांनी तीन कारणे दिली आहेत. कधी ती आपल्याच आळसाचा परिणाम असते. कधी बक्षिसाविना आपण देवाची सेवा किती करतो, याची ती परीक्षा असते. आणि कधी, सांत्वन हे आपल्या कर्तबगारीचे फळ नसून निव्वळ देवाची देणगी आहे, हे शिकवण्यासाठी ती येते. म्हणजेच अंधार हा दरवेळी आपल्या अपराधाचा पुरावा नसतो. लिझ्यूच्या संत तेरेझा यांना १८९६ च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ रोजी झालेल्या मृत्यूपर्यंत श्रद्धेच्या घोर अंधारातून जावे लागले. कोलकात्याच्या संत तेरेसा यांनी अनेक दशके आंतरिक शुष्कता सोसली. २००७ साली त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला हे कळले. दोघींनीही अंधारात घेतलेले व्रत सोडले नाही.

चांगुलपणाच्या वेषातील मोह

उघड पाप ओळखणे तुलनेने सोपे असते. देवाच्या सेवेची मनापासून इच्छा धरणाऱ्याला वैरी उघड पाप दाखवीत नाही. तो चांगल्याच गोष्टीचे आमिष दाखवतो. सैतानही प्रकाशदूताचा वेष धारण करतो, असे संत पौलांनी म्हटले आहे (२ करिंथ ११:१४). नियमांचा दुसरा गट या मोहासाठी आहे.

याचा दाखला पुन्हा इग्नेशियस यांच्याच जीवनात मिळतो. तिशी ओलांडल्यावर ते बार्सिलोना येथे मुलांबरोबर बसून लॅटिन शिकू लागले, कारण लोकांच्या आत्म्यांना साहाय्य करण्यासाठी विद्या हवी होती. परंतु व्याकरण पाठ करू लागताच त्यांना दिव्य गोष्टींचे नवे नवे अर्थ सुचू लागत आणि पाठांतर तसेच राहून जाई. विशेष म्हणजे, प्रत्यक्ष प्रार्थनेच्या वा मिस्साच्या वेळी असे काहीच सुचत नसे. विचार पवित्र होते. पण कर्तव्यापासून ते दूर नेत होते. हा मोह आहे हे ओळखून ते शिक्षकांकडे गेले, सर्व हकीकत सांगितली आणि दोन वर्षे एकही पाठ न चुकवण्याचे वचन त्यांना दिले. मग तो त्रास थांबला.

म्हणून इग्नेशियस सांगतात की, विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट असा सर्व प्रवास तपासावा. तिन्ही चांगले असतील तर तो चांगल्या आत्म्याचा आहे. शेवटी जर तो कमी चांगल्या गोष्टीकडे, गर्वाकडे, कलहाकडे किंवा अस्वस्थतेकडे नेत असेल, तर आरंभ कितीही सोज्वळ असो, सावध व्हावे. आत्मिक जीवनात शितावरून भाताची परीक्षा होत नाही. भांडे तळापर्यंत पाहावे लागते. देवाच्या वाटेवर चालणाऱ्याच्या मनात चांगला आत्मा स्पंजात पाण्याचा थेंब मुरावा तसा अलगद शिरतो, तर वाईट आत्मा दगडावर पाणी आपटावे तसा आवाज करीत येतो, अशी त्यांची उपमा आहे.

ही कसोटी आज आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या संदेशांनाही लावता येते. एखादी भविष्यवाणी ऐकल्यावर शेजाऱ्याविषयीची प्रीती वाढते की भीती आणि तिरस्कार वाढतो? आपण साक्रामेंतांच्या जवळ येतो की त्यांच्यापासून दुरावतो? संदेश देणारा प्रश्न विचारू देतो की गुप्तता राखायला सांगतो? गुप्ततेबद्दल इग्नेशियस विशेष कठोर आहेत. कपटी प्रियकर मुलीला जसे घरी काही न सांगण्याची गळ घालतो, तसा वैरी आपला मोह झाकून ठेवायला लावतो, असे ते म्हणतात. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंजवळ किंवा जाणत्या आत्मिक मार्गदर्शकाजवळ तो उघड केला की त्याचे बळ सरते.

निर्णय घेण्याच्या तीन वेळा

आयुष्याची वाट निवडण्यासाठी इग्नेशियस यांनी तीन प्रकारच्या वेळा सांगितल्या आहेत. पहिल्या प्रकारात देव मनाला अशी हाक देतो की शंकेला जागाच उरत नाही. संत पौल आणि संत मत्तय यांना अशी हाक आली. दुसऱ्या प्रकारात सांत्वन आणि उदासी यांचे येणेजाणे पाहून वाट हळूहळू उमगते. तिसऱ्या प्रकारात मन शांत असते, विशेष ओढ कोणतीच नसते. तेव्हा बुद्धीचा उपयोग करावा.

या तिसऱ्या वेळेसाठी त्यांनी दिलेली रीत कोणालाही वापरता येईल अशी आहे. प्रथम आपण कशासाठी निर्माण झालो, हे आठवावे. मग निवडीच्या दोन्ही बाजूंचे लाभ आणि तोटे मांडावेत. नंतर तीन कल्पना कराव्यात: आपल्याच परिस्थितीतील एखादा अनोळखी माणूस सल्ला मागायला आला तर त्याला काय सांगू, मरणसमयी आपण काय निवडले असावे असे वाटेल, आणि न्यायाच्या दिवशी कोणत्या निवडीने समाधान होईल. शेवटी तो निर्णय प्रार्थनेत देवापुढे ठेवावा आणि त्याने तो स्वीकारून दृढ करावा, अशी विनंती करावी.

पारखेच्या मर्यादा

या पद्धतीविषयी दोन गैरसमज टाळले पाहिजेत. पहिला असा की, पारख म्हणजे आपल्याला हवे ते देवाच्या नावाने ठरवणे. इग्नेशियस यांच्या मते निवड फक्त चांगल्या किंवा निदान वाईट नसलेल्या, आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी सुसंगत अशा गोष्टींतच करता येते. चोरी करावी की नाही, यावर पारख होत नाही. तेथे देवाची आज्ञा स्पष्ट आहे. विवाह किंवा गुरुदीक्षा यांसारखी एकदा विधिवत दिलेली वचनेही पुन्हा निवडीला ठेवायची नसतात; ती अधिक प्रामाणिकपणे कशी जगावीत, एवढेच पारखायचे असते. मार्गदर्शकालाही त्यांनी मर्यादा घातली आहे: साधकाला त्याने एका बाजूला ढकलू नये, निर्मात्याला त्याच्या लेकराशी थेट बोलू द्यावे.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. प्रत्येक खिन्नता ही आत्मिक उदासी नसते. झोप उडणे, भूक मरणे, कशातच रस न वाटणे आणि जीव नकोसा होणे, ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे असू शकतात. अशा व्यक्तीला फक्त प्रार्थना वाढवण्यास सांगणे अन्यायाचे ठरेल. तिला डॉक्टरांकडे नेणे हेही प्रीतीचेच कृत्य होय. मान्रेसातील इग्नेशियस यांनीही धर्मगुरूंची आज्ञा मानून अन्न घेतले, हे विसरू नये.

रोजचे आत्मपरीक्षण

आत्मिक पारख ही संकटकाळी एकदाच करायची गोष्ट नसून तिचा रोज सराव लागतो. त्यासाठी इग्नेशियस यांनी पाच पायऱ्यांचे आत्मपरीक्षण दिले. दिवसभरात मिळालेल्या कृपांबद्दल देवाचे आभार मानावेत. स्वतःला ओळखण्यासाठी कृपा मागावी. दिवसाचे विचार, शब्द आणि कृती क्रमाने आठवाव्यात. चुकांची क्षमा मागावी. आणि उद्यासाठी निश्चय करावा. रात्री झोपण्यापूर्वी दहापंधरा मिनिटे त्यास पुरतात. काही महिन्यांनी मन कोठे जाते आणि रिते होऊन परतते, कोठे जाते आणि भरून येते, हे ध्यानात येऊ लागते.

ज्यांना घरदार आणि नोकरी सोडून महिनाभराच्या मौनसाधनेला जाता येत नाही, त्यांच्यासाठीही ग्रंथात सोय आहे: रोज सुमारे दीड तास काढून, आपल्या व्यवसायात राहूनच, संपूर्ण साधना करता येते. आपल्या धर्मग्रामांत होणाऱ्या रिट्रीटच्या प्रथेवर याच परंपरेचा मोठा प्रभाव आहे. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी १९२२ साली संत इग्नेशियस यांना अशा साधनांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. येशूसंघातून आलेले पहिले परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीही ऑगस्ट २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात बुधवारच्या आपल्या प्रबोधनांतून आत्मिक पारखेचाच विषय क्रमाने समजावून सांगितला.

आपल्या भूमीशीही या साधनेचे जुने नाते आहे. पॅरिसमध्ये इग्नेशियस यांच्या मार्गदर्शनाने ही साधना केलेले संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचले. त्याच येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली लिस्बनहून गोव्याला आले आणि त्यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली प्रसिद्ध झाले. अनोळखी किनाऱ्यावर उतरताना त्यांच्यापाशी पुढची वाट रेखाटलेली नव्हती. मन पारखण्याची सवय आणि प्रभूवरील भरवसा एवढीच शिदोरी होती.

ज्याच्या मनात आज गोंधळ आहे, त्याने सर्व प्रश्नांची उत्तरे एकाच रात्रीत मिळवण्याचा हट्ट धरू नये. अंधार असेल तर काल उजेडात दिलेले वचन आज पाळावे. मनातील गाठ एका विश्वासू व्यक्तीजवळ उघडावी. रात्री काही क्षण प्रभूच्या सान्निध्यात बसून दिवसाकडे मागे वळून पाहावे. पुढचे एक पाऊल टाकण्याइतका उजेड त्यातून मिळतो. आणि जो स्वतःच मार्ग आहे तो बरोबर चालत असताना एका पावलापुरता उजेड पुरेसा असतो. पवित्र आत्मा आपल्या सर्वांना पारखणारे अंतःकरण देवो. आमेन.